पंप अ‍ॅक्शन बंदुकीचा चाप दाबल्यावर पुढे येत नाही: संच कुठपर्यंत उघडावा, तेल कोणते घालावे?

जांबोटीचा हवालदार (प्रश्न)

नमस्कार. माझ्याकडे बारा बोअरची पंप अ‍ॅक्शन बंदूक (नळीखालची मूठ, म्हणजे पंप, मागे-पुढे करून चालवायची) असून तिचा परवाना माझ्या नावावर आहे. शेत बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात जांबोटीच्या पुढे, रानाला लागून आहे. या भागातला पाऊस ज्यांना ठाऊक आहे त्यांना सांगायला नको की जून ते सप्टेंबर या काळात घरातले कोणतेही लोखंड कोरडे राहत नाही आणि भिंतीला टेकवून ठेवलेल्या विळ्या-कोयत्यांवरही आठ दिवसांत गंज दिसू लागतो.

२०२४ च्या लोकसभा निवडणुकीच्या वेळी आदेशाप्रमाणे मी बंदूक ठाण्यात जमा केली होती आणि आचारसंहिता उठल्यावर पावसाच्या तोंडावर ती परत आणली. तेवढा सगळा काळ ती रेक्झिनच्या कव्हरातच राहिली. परत आणल्यावर नळी पुलथ्रूने (नळीतून ओढायच्या सफाईच्या दोरीने) साफ केली, बाहेरचा गंज तेलाच्या चिंधीने पुसून काढला आणि बोल्टही (काडतुसामागे नळी बंद करणारा भाग) पुसला. मात्र चापाच्या बाबतीत तेव्हापासून एक दोष जाणवत आहे. रिकाम्या बंदुकीचा चाप दाबून सोडला की तो पूर्वीसारखा चटकन पुढे येत नाही; कधी अर्ध्यावर रेंगाळतो, तर कधी बोटाने पुढे ढकलावा लागतो. सेफ्टीचे बटणही जड झाले आहे.

माझी नोकरी मराठा लाइट इन्फंट्रीत झाली, त्यामुळे हत्यार साफ ठेवण्याची सवय अंगात आहे. पण पलटणीत जवानाने कुठपर्यंत खोलायचे याची हद्द ठरलेली असे आणि ट्रिगर मेकॅनिझम, म्हणजे चापाचा संच, उघडण्याचे काम आरमोररचे (हत्यारे दुरुस्त करणाऱ्याचे) असे. आता समोर आरमोरर नाही. म्हणून विचारतो की या बंदुकीचा चापाचा संच मालकाने कुठपर्यंत उघडणे योग्य आहे, तो रॉकेलने धुतला तर चालेल का, आणि नंतर तेल कोणते घालावे. शेजारी खोबरेल तेल सुचवतात. त्यांच्या वडिलांच्या ठासणीच्या बंदुकीला तेच लावले जात असे. संच परत बसवल्यावर तो बरोबर बसला आहे हे कसे तपासावे, तेही कृपया सांगावे.

उद्यमबाग टूलरूम

हवालदार साहेब, सर्वांत आधी एक विनंती. चाप आपणहून पुढे येत नाही तोवर या बंदुकीत काडतूस घालू नका. बार उडवण्यासाठी पुढे आपटतो तो घोडा, आणि चाप दाबेपर्यंत त्याला अडवून धरतो तो सिअर. मागे अडकलेला चाप म्हणजे सिअर आणि घोडा यांची पकड पुरी झाली आहे की नाही याची खात्री नसणे. आपल्याला हे ठाऊक असणारच, परंतु हे वाचणाऱ्या प्रत्येकाला ते ठाऊक असेल असे नाही.

कुठपर्यंत उघडावे, याचे उत्तर आपल्या पलटणीच्या शिस्तीतच आहे. संपूर्ण संच बंदुकीतून एकसंध बाहेर काढणे, तो धुणे, वाळवणे, तेल देणे आणि परत बसवणे, एवढे मालकाचे काम. संचाच्या आतल्या पिना ठोकून चाप, घोडा, सिअर आणि त्यांच्या स्प्रिंगा वेगळ्या करणे हे बंदूक कारागिराचे काम, कारण त्या स्प्रिंगा ताणाखाली असतात, काही पिनांना बाहेर काढण्याची ठरावीक दिशा असते, आणि एखादी स्प्रिंग उलटी बसली तरी संच वरवर चालल्यासारखा वाटू शकतो. सुदैवाने आपण सांगितलेला दोष बहुतेक वेळा पहिल्या हद्दीतच सुटतो.

बंदूक कोणत्या बनावटीची आहे हे आपण लिहिलेले नाही. रेमिंग्टन ८७० च्या पद्धतीच्या बंदुकीत संच दोन आडव्या पिनांवर बसतो, तर मॉसबर्ग ५०० च्या पद्धतीत एकाच पिनेवर. हा फरक महत्त्वाचा आहे. मॉसबर्गच्या पद्धतीत संच बाहेर आला की काडतूस अडवणाऱ्या दोन पट्ट्याही रिसीव्हरमध्ये (बंदुकीच्या मधल्या धातूच्या पेटीत) सुट्या होतात आणि खाली पडतात. त्या कोणत्या बाजूला कशा होत्या हे आधी पाहून ठेवले नाही तर जुळवताना माणूस गोंधळतो. रेमिंग्टनच्या पद्धतीत काडतूस वर उचलणारा भाग संचालाच जोडलेला असतो आणि त्याच्याबरोबर बाहेर येतो. बंदुकीबरोबर आलेली पुस्तिका असेल तर ती प्रमाण माना. नसेल तर प्रत्येक टप्प्यावर दोन्ही बाजूंनी मोबाइलवर फोटो काढून ठेवा.

सुरुवातीला मॅगझिनची (काडतुसे साठवायची) नळी आणि चेंबर (नळीतली काडतूस बसण्याची जागा) दोन्ही रिकामी करून डोळ्यांनी पाहा, मग चेंबरमध्ये बोट घालून पुन्हा खात्री करा, आणि काडतुसे त्या खोलीत ठेवूच नका. नंतर एकदा पंप मागे-पुढे करून घोडा चढवा, बोल्ट बंद करा आणि सेफ्टी लावा. संच काढताना आणि परत बसवताना घोडा चढलेलाच असावा. पिना काढण्यासाठी पितळी किंवा नायलॉनचा पंच घ्या, पिनेच्या व्यासापेक्षा किंचित बारीक, आणि पलीकडच्या बाजूला भोक पाडलेला लाकडी ठोकळा द्या. या संचाचे घर सहसा अॅल्युमिनियमचे किंवा कडक प्लॅस्टिकचे असते. पोलादी पंचाने तिरका घाव बसला की भोक लांबट होते, आणि लांबट झालेले भोक पुन्हा गोल करण्याचा सोपा मार्ग नाही. बहुतेक पिना हलक्या टिचकीने सरकतात. सरकत नसेल तर जोर वाढवण्याऐवजी भेदक तेलाचा एक थेंब सोडून रात्रभर थांबावे. दोन पिना असतील तर कोणती पुढची आणि कोणती मागची ते कागदावर लिहून त्याच कागदावर त्या ठेवा.

संच हातात आल्यावर सर्वांत मोठा मोह होतो तो चाप दाबून पाहण्याचा. तो कटाक्षाने टाळा. बंदुकीत असताना घोड्याला पुढे फायरिंग पिनेचा आणि बोल्टचा आधार असतो. बाहेर तो मोकळा सुटतो आणि त्याच्या पूर्ण ताकदीनिशी घरावर आदळतो. त्यात घर तडकू शकते किंवा बोट चेचू शकते.

धुण्याआधी उजेडात नीट पाहा. पंप बंदुकीत काडतुसे भरण्याचे तोंड खालच्या बाजूला, चापाच्या लगेच पुढे असते, त्यामुळे शेतातला भुसा, गवताचे बी, धूळ सगळे थेट या संचात जाते. वरून बोल्टच्या खालची काजळी, न जळलेल्या दारूचे कण आणि काडतुसाच्या प्लॅस्टिकचा कीस पडतो. जुने तेल हे सगळे धरून ठेवते आणि वर्षभरात त्याचा तपकिरी, चिकट थर होतो. आपल्या वर्णनावरून चापाच्या आणि सेफ्टीच्या पिनेभोवती हाच थर साठला असावा, किंवा ओलाव्याने तिथे गंज धरला असावा. थर तपकिरी आणि चिकट असेल तर तेल सुकले आहे. तांबूस आणि खरखरीत असेल तर गंज आहे.

रॉकेल चालेल, पण त्याचे काम फक्त धुण्याचे आहे. ते उडून गेल्यावर धातू उघडा पडतो आणि आपल्या हवेत उघड्या पोलादाला गंजायला एक रात्र पुरते. मिनरल टर्पेंटाइन किंवा बंदुकीसाठी मिळणारे सॉल्व्हंट अधिक बरे. पेट्रोल आणि रंगाचे थिनर वापरू नका. आगीचा धोका तर आहेच, शिवाय थिनरने प्लॅस्टिकचे घर आणि सेफ्टीचे बटण खराब होऊ शकते. उथळ ताटलीत संच ठेवून नायलॉनच्या जुन्या टूथब्रशने घासा आणि कोपऱ्यांसाठी बांबूची तासलेली काडी वापरा. सुई, पटाशी, स्क्रू-ड्रायव्हर यांचे टोक सिअरच्या आणि घोड्याच्या खाचेला लागू देऊ नका, कारण त्या दोन कडांवर या बंदुकीची सुरक्षितता अवलंबून आहे. ब्रश मारताना डोळ्यांना चष्मा हवा.

वाळवण्याबाबत एक गोष्ट आमच्या कामातून सांगतो. गॅरेजमधल्या कॉम्प्रेसरची हवा मारून घेणे सोयीचे वाटते, पण पावसाळ्यात त्या टाकीच्या तळाशी पाणी साचलेले असते आणि नळीतून हवेबरोबर तेच पाणी संचाच्या आत, जिथे आपले बोट पोहोचत नाही तिथे, जाऊन बसते. टाकीचे पाणी आधी सोडून दिले असेल आणि नळीला पाणी अडवणारा फिल्टर असेल तरच ती हवा मारा. नाहीतर केस वाळवण्याचे यंत्र दुरून धरणे उत्तम. पुसायला कॉटन वेस्ट नको, त्याचे धागे स्प्रिंगांत अडकतात. जुन्या धोतराची धुतलेली मऊ चिंधी घ्या.

तेल खनिज असावे, पातळ असावे आणि थोडे असावे. गन ऑइल मिळाले तर उत्तम, न मिळाल्यास शिलाई मशीनचे चांगले तेल चालते. सुईच्या टोकावर थेंब घेऊन चाप, सिअर आणि घोडा ज्या पिनांवर फिरतात तिथे, सेफ्टीच्या बटणाला आणि खटक्यांच्या सांध्यांना द्यावे, मग सगळे भाग हलके हलवून वर आलेले तेल पुसून घ्यावे. स्प्रिंगांवर केवळ चमक येईल इतका पातळ हात पुरे. ग्रीस या संचात घालू नये.

खोबरेलाबद्दल स्पष्ट लिहितो, कारण आपल्या भागात ही समजूत फार पसरली आहे. खोबरेल साधारण २४-२५ अंशांच्या खाली गोठते. जांबोटीला थंडीतल्या पहाटे तापमान त्याच्या पुष्कळ खाली जाते, म्हणजे रानडुकरांना हुसकावायला माणूस नेमका ज्या वेळी बाहेर पडतो त्या वेळी ते तेल चापाभोवती घट्ट झालेले असते. शिवाय एरंडेल काय किंवा गोडेतेल काय, वनस्पतीचे तेल हवेत उघडे राहिले की हळूहळू दाटते आणि चिकट होते. ठासणीच्या बंदुकीचा घोडा बाहेर, मोठा आणि दणकट स्प्रिंगेचा असे; तिथे जे खपले ते या बारीक संचात खपणार नाही.

टिळकवाडीचा नेमबाज

वरील उत्तराशी मी सहमत आहे. तपासणीबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण मूळ प्रश्नातला तो भाग राहिला आहे आणि माझ्या दृष्टीने तोच सर्वांत महत्त्वाचा आहे.

संच बसवताना तो सरळ वर जात नसेल तर ढकलू नका. पुढची बाजू आधी आत घेऊन मग मागची बाजू वर न्यावी लागते, आणि पंपाच्या पट्टीला अडवणारा खटका आपल्या जागी येईपर्यंत संच शेवटचे थोडे अंतर वर जात नाही. भोके समोरासमोर आली की पिना जवळजवळ हाताने आत जातात.

त्यानंतर रिकाम्या बंदुकीवर, आणि शक्य असेल तर चेंबरमध्ये डमी काडतूस घालून, नळी सुरक्षित दिशेला धरून पुढील क्रम पाळावा. घोडा चढवून सेफ्टी लावा आणि चाप नेहमीपेक्षा जरा जोरात दाबा. घोडा पडता कामा नये. चाप सोडा आणि मग सेफ्टी काढा. केवळ सेफ्टी काढल्यानेही घोडा पडता कामा नये. आता चाप दाबा. घोडा पडल्याचा स्वच्छ आवाज आला पाहिजे. इथे चाप सोडू नका. तो तसाच मागे दाबून धरून पंप पूर्ण मागे आणि पूर्ण पुढे करा. बोल्ट बंद होताना घोडा चढलेलाच राहिला पाहिजे. मग चाप हळू सोडा. तो बोटाच्या मदतीशिवाय पुढे आला पाहिजे, आणि पुन्हा दाबल्यावरच घोडा पडला पाहिजे.

चाप दाबून धरण्याच्या या पायरीचे कारण सांगायला हवे. विंचेस्टर १८९७ सारख्या जुन्या पंप बंदुकांत चाप आणि सिअर यांना तोडणारा भागच नव्हता. चाप दाबून धरून पंप पुढे केला की बोल्ट बंद होताक्षणी बार उडत असे. आजच्या बंदुकांत डिस्कनेक्टर नावाचा छोटा भाग हे होऊ देत नाही. तोही याच संचात, त्याच चिकट तेलात बसलेला असतो. ज्या संचात चाप अडकतो आहे त्यात डिस्कनेक्टरही अडकू शकतो, आणि त्याचा दोष या एका चाचणीशिवाय बाहेरून कळत नाही.

आणखी एक तपासणी पंपाच्या कुलपाची. घोडा चढलेला असताना पंपाची मूठ मागे ओढली तर ती हलता कामा नये; चापाजवळचा पंप सोडवणारा खटका दाबल्यावरच ती मागे यावी. घोडा पडल्यावर मात्र ती मोकळी सुटली पाहिजे. यांपैकी एकही गोष्ट एकदाही चुकली तर बंदूक बाजूला ठेवा. दहांपैकी नऊ वेळा बरोबर चालणारा चाप हा बिघडलेलाच चाप समजावा.

ठेवण्याबद्दल दोन वाक्ये. रेक्झिनचे किंवा चामड्याचे कव्हर हे नेण्या-आणण्यापुरते असावे, कारण आत गेलेली दमट हवा त्यातून बाहेर पडत नाही. घरी बंदूक कुलूपबंद कपाटात, कव्हराबाहेर, पातळ तेलाचा हात देऊन आणि शक्यतो नळी खाली करून ठेवावी, म्हणजे नळीतले तेल उतरून चापाच्या संचात आणि दस्त्याच्या लाकडात मुरत नाही. कपाटात सिलिका जेलच्या पुड्या ठेवाव्यात आणि त्यांचा रंग पालटला की तापवून पुन्हा वापराव्यात.

निपाणीचा परवानाधारक

तांत्रिक भाग वर पुरेसा आला आहे. सीमाभागात राहणाऱ्यांनी लक्षात घ्यावी अशी एक बाब मला मांडायची आहे.

सफाईने दोष गेला नाही आणि कारागिराकडे जाण्याची वेळ आली, तर आपल्यापैकी अनेकांना पहिल्यांदा कोल्हापूर आठवते. निपाणीहून तर ते तासाभराच्या अंतरावर आहे आणि आपला दवाखाना, बाजार, सोयरीक सगळे तिकडचे. परंतु बंदुकीच्या परवान्यावर तो कोणत्या क्षेत्रापुरता वैध आहे हे लिहिलेले असते. ते क्षेत्र जिल्ह्यापुरते किंवा कर्नाटकापुरते असेल, तर राज्याच्या हद्दीवरचा कोगनोळीचा नाका ओलांडून बंदूक महाराष्ट्रात नेणे हा, ती बिघडलेली आणि रिकामी असली तरी, परवान्याच्या अटीचा भंग ठरतो. म्हणून घरातून निघण्यापूर्वी ते पान काढून वाचावे. आपल्याकडचे बरेच परवाने कन्नडमध्ये भरलेले असतात. वाचता येत नसेल तर जाणकाराकडून ती ओळ वाचून घ्यावी, अंदाज करू नये.

दुसरे असे की शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ५ प्रमाणे बंदुकीची दुरुस्ती हा व्यवसाय परवाना असलेल्या व्यक्तीनेच करायचा आहे. स्वतःच्या बंदुकीची सफाई आपण करू शकतो, पण ओळखीच्या लेथवाल्याकडून सिअर घासून घेणे किंवा पिन बनवून घेणे हे त्यात बसत नाही, त्याचा हात कितीही चांगला असला तरी. बंदूक परवानाधारक विक्रेत्याकडे ठेवाल तेव्हा तिचा क्रमांक लिहिलेली पावती घ्या आणि ती परवान्याबरोबर ठेवा.

निवडणुकीत जमा करण्याची वेळ पुन्हा येईलच. त्या वेळी बंदूक आदल्या दिवशी साफ करून, नेहमीपेक्षा जरा जास्त तेल देऊन, आणि चिठ्ठीवर तिची स्थिती लिहून द्यावी. परत घेताना तिथेच क्रमांक ताडून पाहावा, चेंबर रिकामे असल्याची खात्री करावी आणि घरी आल्यावर त्याच दिवशी जास्तीचे तेल पुसून काढावे.

जांबोटीचा हवालदार

आपणा सर्वांचा मनापासून आभारी आहे. टूलरूमच्या भाऊंनी सांगितल्याप्रमाणे पितळी पंच आणून संच काढला. माझ्या बंदुकीला दोन पिना आहेत. चापाच्या पिनेभोवती तपकिरी थर होता आणि त्यात भाताचे तूस अडकलेले होते. सेफ्टीच्या बटणाखाली मात्र तांबूस गंज होता. टर्पेंटाइनने धुऊन, वाळवून, शिलाई मशीनचे तेल देऊन संच बसवला. चाप आता सुटताच पुढे येतो. नेमबाज भाऊंनी सांगितलेल्या सगळ्या चाचण्या पुन्हा पुन्हा केल्या आणि त्या बरोबर उतरल्या.

दोन शंका उरल्या आहेत. सेफ्टीचे बटण हलते, पण तिथे अजून खरखर लागते. आणि चाप पूर्वीपासूनच थोडा जड आहे. सिअर किंचित पॉलिश करून तो हलका करून घ्यावा असे एकाने सुचवले आहे. ते करावे का?

उद्यमबाग टूलरूम

साहेब, सिअरला हात लावू नका आणि लावूही देऊ नका. त्या कडेवर कठीण केलेल्या पोलादाचा थर पातळ असतो. तो घासला गेला की खालचा मऊ भाग उघडा पडतो, झिजतो आणि पकड दिवसेंदिवस कमी होत जाते. शेतावर, अंधारात, थंडीने बधिर झालेल्या बोटांनी धरायच्या बंदुकीचा चाप जडच असावा.

सेफ्टीची खरखर मात्र सोडून देऊ नका. तिथे एक छोटी गोळी किंवा टोकदार पिन आणि तिच्यामागे बारीक स्प्रिंग असते, आणि गंज त्या भोकात उतरलेला असणार. ते बाहेर काढायचे म्हणजे आपण ठरवलेली हद्द ओलांडणे; शिवाय ती गोळी सुटली की उडून हरवते. परवानाधारक कारागिराकडून ती स्प्रिंग आणि गोळी दोन्ही बदलून घ्या. तिथे जाल तेव्हा चापाच्या स्प्रिंगेवर गंजाचे खड्डे पडले आहेत का तेही भिंगाखाली पाहायला सांगा, कारण खड्डा पडलेली स्प्रिंग आज ताण देते आणि नंतर त्याच जागी तुटते. संच बंदुकीत बसवूनच न्या, सुटा नेऊ नका, म्हणजे दुरुस्तीनंतरची तपासणी त्यांना पूर्ण बंदुकीवर आपल्यासमोर करता येईल.